गाडी चुकली तरी चालेल

वाचकहो, जुन्नर आणि आंबेगावच्या माणसाला पायऱ्यांचे अप्रूप नसते. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी एका दमात चढलेल्या असतात. शिवनेरीचे सात दरवाजे ओलांडताना कोणी घड्याळाकडे पाहिलेले नसते. आज मात्र हीच पावले पुण्याच्या मेट्रो स्थानकातील सरकत्या जिन्यासमोर थबकतात. पुढचा माणूस सहज पाय टाकतो आणि वर जातो, मागचा ‘चला आजोबा’ म्हणतो आणि आपल्या छातीत धडधडू लागते.

या धडधडीचा आपल्या आरोग्याशी फार जवळचा संबंध आहे. आपल्या तालुक्यांतून पुण्याला जाणाऱ्या ज्येष्ठांच्या हातात बहुधा रिपोर्टांची पिशवी असते. हृदयाची, डोळ्यांची, मूत्रपिंडाची किंवा शस्त्रक्रियेनंतरची तपासणी असते. प्रवासाची धास्ती बसली की पहिला बळी जातो तो फेरतपासणीचा. ‘बघू पुढच्या महिन्यात’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. म्हणून आज एका स्थानकाविषयी बोलायचे आहे. ते आहे नाशिक फाट्याचे.

फाटा आणि स्थानक

नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण, मोशी, भोसरी असा आपला जुना रस्ता. पुणे–नाशिक महामार्ग जेथे जुन्या पुणे–मुंबई महामार्गाला मिळतो, तो नाशिक फाटा. दोनमजली उड्डाणपूल, दोन्ही महामार्गांची वाहने, रिक्षा आणि शहर बस यांच्या गर्दीत हा चौक तरुणांनाही गोंधळात टाकतो.

पुणे मेट्रोचा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी या त्या टप्प्यातच हे स्थानक आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून गाडी जिल्हा न्यायालयापर्यंत आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत जाऊ लागली. सुरुवातीला या स्थानकाचे नाव ‘भोसरी’ होते, पुढे ते ‘नाशिक फाटा’ झाले. हा बदल ध्यानात ठेवावा, कारण घरातील कोणी जुन्या सवयीने ‘भोसरीच्या मेट्रोला उतर’ असे सांगितले, तर आपण भोसरी गावातच उतरून बसाल आणि स्थानक पुढेच राहील.

आपल्यासाठी या स्थानकाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढले आहे. शिवाजीनगरचे जुने एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले गेले. शिवाजीनगरला उतरून चालत जाण्याची आपली सवय त्यामुळे मोडली. आता फाट्यावर एसटी सोडून मेट्रो धरली, तर शहरातील वाहतूककोंडी टळते आणि रिक्षावाल्याशी घासाघीसही करावी लागत नाही.

एसटीच्या खर्चाचा भार तर बराच हलका झालेला आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ हवे.

म्हणजे वाहन आहे, सवलत आहे, स्थानक आहे. तरीही भीती उरते, कारण धोका बहुधा गाडीत नसतो. तो असतो एसटीच्या पायरीपासून मेट्रोच्या दारापर्यंतच्या काही शे पावलांत, आणि त्या पावलांना लावलेल्या घाईत.

माझ्या हातून झालेली चूक

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझी आई नारायणगावजवळच्या गावात राहते. वय ७६. तिला काचबिंदू आहे आणि दर चार महिन्यांनी डोळ्यांतील दाब तपासावा लागतो. एका तपासणीला मी तिला घेऊन निघाले. शहरातील एका स्थानकात शिरताना पाटीवर दिसले की गाडी एका मिनिटात येत आहे. लिफ्ट जरा दूर होती, सरकता जिना समोर होता. मी तिचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच तिला जिन्यावर चढवले. ती म्हणत होती, “अगं, हात सोड. ओढू नकोस.” मी ऐकले नाही. तिचा एक पाय पायरीवर आणि दुसरा मागे राहिला. ती गुडघ्यावर बसली. मागच्या माणसाने सावरले म्हणून निभावले. मनगट खरचटले, गुडघ्याला मुका मार लागला. हाड मोडले नाही, म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

पण ती सुटका खोटी होती. पुढच्या तपासणीला आई म्हणाली, “कांद्याची काढणी चालू आहे, नंतर पाहू.” त्यानंतर पाऊस फार होता. मग दिवाळी आली. डोळ्यांत घालायचे थेंब चालू होते, त्यामुळे आम्हीही निर्धास्त राहिलो. परंतु थेंब चालू असणे आणि दाब आटोक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेहमी आढळणाऱ्या काचबिंदूत डोळा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचे बराच काळ नीट दिसत राहते. नजर बाजूने हळूहळू आक्रसत जाते. जवळजवळ वर्षाने आम्ही गेलो, तेव्हा उजव्या डोळ्याच्या कडेची नजर आणखी कमी झाली होती. काचबिंदूत गेलेली नजर कोणत्याही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने परत येत नाही.

मी वाचवलेल्या त्या काही मिनिटांची किंमत आईने मोजली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये पडणे हे जगात दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे आणि त्यात साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. खुब्याचे हाड मोडणे ही म्हातारपणातील मोठी आपत्ती आहेच. परंतु हाड न मोडणारे पडणेही माणसाला घरात कोंडून घालते. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या भीतीने चालणे कमी करतो, चालणे कमी झाल्याने पाय दुबळे होतात आणि दुबळे पाय पुन्हा पाडतात. हे चक्र तोडायचे असेल तर भीती हसण्यावारी नेऊन चालत नाही. प्रवासाची रीत बदलावी लागते.

निघण्यापूर्वी

प्रवासाची तयारी पंधरा दिवस आधी घरातच सुरू करावी. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर बसून, शक्यतो हातांचा आधार न घेता, सावकाश उठावे आणि बसावे. सकाळ-संध्याकाळ पाच ते दहा वेळा पुरे. ओट्याला धरून टाचा उचलण्याचा व्यायाम करावा. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रवासात लघवीला जावे लागू नये म्हणून आपल्यापैकी अनेकजण आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. ही सवय घातक आहे. पाणी कमी पडले की रक्तदाब उतरतो, चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्गही होऊ शकतो. पाणी थोडे-थोडे पीत राहावे. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घ्यावी लागत असेल, तर प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. मेट्रो स्थानकात स्वच्छतागृह असते. पोहोचल्यावर पहिला प्रश्न त्याचाच विचारावा, त्यात संकोच नको.

मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. उपाशीपोटी करायची रक्ततपासणी शक्य असेल तर नारायणगाव, जुन्नर, घोडेगाव किंवा मंचर येथेच करून अहवाल सोबत न्यावा. पुण्यातच उपाशीपोटी पोहोचणे भाग असेल, तर त्या सकाळची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्यावे. औषध घेतले आणि खाणे लांबले, तर साखर धोकादायक पातळीवर उतरते. घाम फुटणे, हात थरथरणे, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. साखरेची पुडी आणि दिवसभराची औषधे स्वतःच्या खिशात किंवा बटव्यात असावीत. वरच्या फळीवर ठेवलेल्या पिशवीत नसावीत.

फाट्यावर उतरताना

चाकणच्या आसपास कोंडी लागली की दोन तासांचा प्रवास किती लांबेल, याचा नेम नाही. बसल्या-बसल्या दर वीस मिनिटांनी पावले घोट्यातून वर-खाली हलवावीत. पायांना सूज कमी येते आणि रक्ताभिसरण चालू राहते. फाटा येण्यापूर्वी वाहकाला सांगून ठेवावे, “मला नाशिक फाट्याला मेट्रोसाठी उतरायचे आहे, गाडी नेमकी कोठे थांबेल?” पुलाच्या अलीकडे की पलीकडे, यावर आपले चालणे ठरते.

गाडी थांबेपर्यंत आसन सोडू नये. बराच वेळ बसून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब घसरतो. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे घेणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. गाडी थांबली की आधी सरळ बसावे, दोन-चार खोल श्वास घ्यावेत, मग दांडा धरून उठावे. एसटीची पायरी उंच असते. तिच्यासाठी एक साधा नियम लक्षात ठेवावा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी नेहमी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

चौक ओलांडताना वाहनांच्या फटीतून जाण्याचा मोह टाळावा. सिग्नल किंवा पादचारी पूल जेथे असेल तेथूनच जावे, वळसा पडला तरी.

रस्त्यापासून फलाटापर्यंत

नाशिक फाट्याचे स्थानक उन्नत आहे. रस्त्यावरून आधी तिकीटघराच्या मजल्यावर आणि तेथून फलाटावर, असे दोन टप्पे चढावे लागतात. दोन्हींसाठी लिफ्ट असते, परंतु ती प्रत्येक प्रवेशद्वारापाशी असेलच असे नाही. म्हणून पहिल्या सुरक्षारक्षकाला “लिफ्ट कोठे आहे?” असे विचारावे.

सरकता जिना काहींनी सरळ टाळावा: ज्यांना चक्कर येते, जे काठी घेऊन चालतात, ज्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा आहे आणि ज्यांना काचबिंदू आहे किंवा मोतीबिंदूमुळे पायरीची कड नीट दिसत नाही. दुहेरी भिंगाच्या खालच्या भागातून पायाजवळचे अंधुक दिसते आणि पायरीचा अंदाज चुकतो. नऊवारीचा काष्टा, लोंबणारा पदर, धोतराचा सोगा आणि सैल चपला यांनाही फिरता जिना साजत नाही. पायात मागून पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे हवीत.

सुरक्षा तपासणीच्या धातुशोधक चौकटीतून जाताना, हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी रक्षकाला आधी सांगावे आणि त्याचे कार्ड दाखवावे. चौकटीतून नेहमीच्या गतीने जाण्यास सहसा हरकत नसते, मात्र तेथे रेंगाळू नये आणि हातातील शोधक यंत्र छातीवर धरू देऊ नये. कृत्रिम सांधा बसवलेला असेल तर यंत्र वाजू शकते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

चालणे जमत नसेल तर कर्मचाऱ्यांकडे चाकाची खुर्ची मागावी. येथे अनेकांचा स्वाभिमान आडवा येतो. वाचकहो, लेण्याद्रीला डोलीत बसून गिरिजात्मजाचे दर्शन घेणाऱ्याला कोणी दुबळा म्हणत नाही. दर्शन घडणे महत्त्वाचे, मग तपासणी घडणे महत्त्वाचे का नसावे?

फलाटावर पिवळ्या पट्टीच्या मागे उभे राहावे. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे. दारे मिटू लागल्याचा इशारा वाजला की पाय पुढे टाकू नये. पुढची गाडी काही मिनिटांत येते. आत शिरताच दांडा धरावा आणि ज्येष्ठांसाठी राखीव आसन मागून घ्यावे. तरुण बसलेला असला तर नम्रपणे सांगावे, बहुतेक जण लगेच उठतात.

दिशा चुकू नये म्हणून

पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात जायचे असेल, तर पुण्याकडे नव्हे, पिंपरीकडे जाणारी गाडी धरावी. पुढचेच स्थानक संत तुकारामनगर. एसटीचे वल्लभनगर आगारही त्याच परिसरात आहे. शिवाजीनगर, मंडई, स्वारगेट येथे जाणाऱ्यांनी स्वारगेटची गाडी घ्यावी.

ससून किंवा रुबी हॉल क्लिनिकच्या बाजूला जायचे असेल, तर जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलावी लागते. हा बदल समजून घेण्यासारखा आहे. आपली गाडी थांबते ती जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल, म्हणजे जवळपास दहा मजली इमारतीच्या उंचीइतके खाली. वनाझ–रामवाडी मार्गिकेची गाडी मात्र जमिनीच्या वर, उन्नत फलाटावरून सुटते. मधल्या टप्प्यांसाठी लिफ्टच वापरावी आणि या बदलासाठी किमान अर्धा तास हाताशी ठेवावा. रामवाडीकडे जाणाऱ्या गाडीने पुणे रेल्वे स्थानक आणि त्यापुढे रुबी हॉल ही स्थानके लागतात.

सोबत करणाऱ्यांशी दोन शब्द

मुलांनो, सुनांनो, लेकी-जावयांनो, आधार द्यायचा म्हणजे हात धरून ओढायचे नसते. आपला वाकवलेला हात पुढे करावा आणि त्यांना तो धरू द्यावा. कोणी कोणाला धरले आहे, यात फार मोठा फरक आहे. ओढलेल्या माणसाचा तोल दुसऱ्याच्या हाती जातो. धरणाऱ्याचा तोल त्याच्याच हाती राहतो. चढताना त्यांच्या मागे एक पायरी आणि उतरताना पुढे एक पायरी राहावे.

बोलताना समोर येऊन, सावकाश बोलावे. स्थानकातील गोंगाटात कमी ऐकू येणारा माणूस केवळ मान डोलावतो आणि त्याला समजले असे आपण धरून चालतो. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला गर्दीत क्षणभरही एकटे सोडू नये. तिच्या खिशात नाव, गाव, आजार, औषधे आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद असावा. कोणी डब्यात राहिले आणि कोणी फलाटावर, तर पुढच्या स्थानकावर उतरून तेथेच थांबायचे, हे घरीच ठरवून ठेवावे.

परतीचाही विचार करावा. डोळ्यांच्या तपासणीत बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की काही तास अंधुक दिसते, उजेड खुपतो. त्या दिवशी ज्येष्ठांनी एकट्याने परतू नये. गडद चष्मा आणि सोबत, दोन्ही हवे.

आणि सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट शेवटी सांगते: बिनकामाचा एक फेरा. रुग्णालयाची तारीख नसताना, दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी आम्ही आईला नाशिक फाट्याला नेले. लिफ्टने वर गेलो, एकच स्थानक गाठले, संत तुकारामनगरला चहा घेतला आणि परत आलो. कोणतीही वेळ गाठायची नव्हती, त्यामुळे तिने सगळे नीट पाहून घेतले: बटण कोठे असते, दार किती वेळ उघडे राहते, दांडा कोणत्या हाताला येतो.

आता तिच्या तपासण्या चुकत नाहीत. मागच्या वेळी आम्ही फलाटावर पोहोचलो तेव्हा गाडी उभीच होती आणि दारे मिटण्याचा इशारा वाजत होता. जुन्या सवयीने माझे पाऊल पुढे पडले. आईने माझ्या दंडावरचा हात जरा घट्ट केला आणि म्हणाली, “जाऊ दे गं ही. दुसरी येतेच आहे.”

आम्ही बाकावर बसलो. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. दोन घोट होतात न होतात, तोच पुढची गाडी आली.